छातीत पाणी दुसऱ्यांदा झालं तेव्हा कुठे कुणीतरी विचारलं, घरात अ‍ॅस्बेस्टॉसचं काम कुणी करायचं का?

उंबरठा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात आला असेल तर संपादकांनी हलवावा.

आई ६८ वर्षांची. चारेक महिन्यांपासून जिना चढताना दम लागायचा, आम्ही म्हटलं वय झालंय, वजनही आहे. मग उजव्या बाजूला दुखायला लागलं, म्हणजे ती दुखतं म्हणायचीच नाही, म्हणायची जड वाटतंय गं, आत कुणी ओलं पोतं ठेवल्यासारखं. उजव्या कुशीवर झोपता येईना. खोकला थोडासाच आणि कोरडा. पाच किलो वजन उतरलं आणि आम्ही मूर्खासारखं तिचं कौतुक केलं.

एक्स-रे काढला तर उजवीकडे पाणी. सुईने सव्वा लिटर काढलं, तपासायला दिलं, त्यात कॅन्सरच्या पेशी आल्या नाहीत, टीबीचंही पक्कं काही सापडलं नाही तरी टीबी धरूनच गोळ्या सुरू झाल्या. पाच आठवड्यांत पाणी परत. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सगळी फाइल बघितली आणि हा वर शीर्षकात लिहिलाय तो प्रश्न विचारला. बाबा शेजारीच बसले होते. १९७९ ते १९९१ बाबांनी बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवर लॅगिंगचं, म्हणजे उष्णता आत राहावी म्हणून वरून थर चढवायचं काम केलंय. बाबा आज ७३ चे, ठणठणीत, रोज चालायला जातात. आईने आयुष्यात कारखान्याचं गेटसुद्धा ओलांडलेलं नाही, ती फक्त त्यांचे कपडे धुवायची.

सीटीत उजव्या फुप्फुसाचं आवरण जाड झालेलं आणि गाठीगाठींचं दिसतंय, बायॉप्सी पुढच्या आठवड्यात आहे. डॉक्टर सांगतील ते सांगतीलच, मला इथे एवढंच विचारायचंय की आम्ही नेमकं काय बघायला हवं होतं जे आमच्या डोळ्यासमोर असून दिसलं नाही?

शंकासुर
ताई, आईंना आराम पडो. पण कपडे धुवून कॅन्सर हे जरा जास्तच होत नाही का? मग ज्यांच्या डोक्यावर सिमेंटचे पत्रे आहेत ते सगळेच गेले म्हणायचे. माझी अख्खी शाळा त्या पत्र्यांखाली झाली. उगाच घाबरवणारा धागा होऊ नये म्हणून विचारतोय, राग नसावा.

जुना_लॅगर
शंकासुर, राग नाही पण तुम्ही लॅगरच्या अंगावरचे कपडे बघितलेले नाहीत.

मी २२ वर्षं हेच काम केलं. दोरी असायची, कापड असायचं आणि पोत्यातनं पावडर यायची. ती पिंपात पाणी घालून हातानेच कालवायची आणि पाइपवर थापायची. ओलं असेपर्यंत ठीक, खरी धूळ व्हायची ती रिपेअरला, जुनं लॅगिंग फोडताना. वरच्या खिडकीतनं ऊन आलं की हवेत चकचक चकचक दिसायचं, आम्हाला ते छान वाटायचं. ओल्या लगद्याचे गोळे करून एकमेकांना मारायचो आम्ही, विशीतली पोरं होतो. सुट्टी झाली की केस झटकायचे आणि तसंच घरी. बायको अंगणात शर्ट दोनदा आपटून मगच बादलीत टाकायची, म्हणजे जे आम्ही उघड्या शेडमध्ये घेतलं ते तिने नाकापासून हातभर अंतरावर घेतलं.

खाज नाही, वास नाही, ठसका नाही. संध्याकाळी डोळे चुरचुरले असते तरी काळजी घेतली असती माणसाने.

दमाने_घ्या
छातीविकारांच्या विभागात बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितो. उंबरठा, तुमच्या आईंबद्दल बायॉप्सी यायच्या आधी मी काही म्हणणार नाही, कुणीच म्हणू नये. पण प्रश्न चांगला आहे.

आधी शंकासुर यांच्यासाठी. कपड्यांची गोष्ट नवी नाही. १९६५ साली लंडनमधल्या मेसोथेलिओमाच्या, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाच्या कॅन्सरच्या, रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात स्वतः कधी त्या कामावर न गेलेले पण घरातलं कुणीतरी त्या कामावर असलेले लोक निघाले आणि कारखान्याच्या आसपास नुसते राहणारेही निघाले. त्याच्या आधी १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून ३३ रुग्णांचा अहवाल आला होता, तिथे निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या, त्यातही सगळे खाणकामगार नव्हते. इटलीतलं कासाले मोनफेर्रातो हे गाव तर यासाठीच जगाला माहीत झालं, तिथे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा कारखाना होता.

आता लक्षणं. अडचण अशी आहे की या आजाराचं स्वतःचं असं एकही लक्षण नाही. दम, खोकला, छातीत दुखणं, थकवा, भूक जाणं, वजन उतरणं, यातलं प्रत्येक दुसऱ्या दहा आजारांत असतंच. म्हणून मी लक्षणांपेक्षा त्यांच्या वागण्याकडे बघतो. मेसोथेलिओमाचं दुखणं बहुतेक वेळा एकाच बाजूचं असतं, बोथट, जड, हळूहळू वाढणारं, कधी खांद्यात किंवा पाठीत जाणवणारं, त्यामुळे महिनाभर खांद्याचाच शेक आणि मलम चालतं. ‘ओलं पोतं’ हे तुमच्या आईंनी फार नेमकं सांगितलंय. दम लागतो तो बऱ्याचदा पाण्यामुळे, फुप्फुस दाबलं जातं म्हणून, आणि पाणी काढलं की माणसाला इतकं बरं वाटतं की घरच्यांना वाटतं सुटलो. ते परत भरलं तर मात्र कारण सापडेपर्यंत थांबायचं नाही. पाण्यात पेशी सापडल्या नाहीत याचा अर्थ कॅन्सर नाही असा होत नाही, मेसोथेलिओमात सुईने काढलेलं पाणी बऱ्याच जणांत काहीच सांगत नाही, आवरणाचा तुकडाच घ्यावा लागतो, शक्यतो दुर्बिणीतून बघून.

टीबीचं म्हणाल तर जिथे टीबी भरपूर आहे तिथे छातीत पाणी म्हटलं की तोच आधी डोक्यात येतो आणि बहुतेकदा तो अंदाज बरोबरही निघतो, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांना मी लगेच दोष देणार नाही. पण पुरावा नसताना सुरू केलेल्या औषधांनी पाणी हटत नसेल तर ‘अजून महिना बघू’ म्हणू नये.

खारूताई
वाचनखूण साठवली. दमाने_घ्या, एक बाळबोध प्रश्न, अ‍ॅस्बेस्टॉसचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमाच ना?

दमाने_घ्या
नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. मेसोथेलिओमा हा आवरणाचा, बहुतेक वेळा फुप्फुसाच्या, काही वेळा पोटाच्या, क्वचित हृदयाच्या किंवा वृषणाच्या. पण अ‍ॅस्बेस्टॉसने साधा, म्हणजे सिगरेटने होतो तोच, फुप्फुसाचा कॅन्सरही होतो. स्वरयंत्राचा आणि अंडाशयाचाही होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे. त्यामुळे जुना अ‍ॅस्बेस्टॉसवाला माणूस तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा बोलत असेल तर घसा दाखवा. थुंकीत रक्त आलं, नेहमीच्या खोकल्याचा सूर बदलला, तोच तो न्यूमोनिया त्याच जागी परत परत होतोय, तर फुप्फुसाचा विचार करा. थुंकीत रक्त हे मेसोथेलिओमात त्या मानाने कमी दिसतं, म्हणून ‘रक्त नाही ना, मग कॅन्सर नाही’ असं धरून बसू नका. एखाद्या बाईचं पोट सतत फुगलेलं राहतंय, दोन घास खाल्ले की भरतंय आणि तिच्या घरी असे कपडे धुतले गेले असतील तर तेही सांगा.

अ‍ॅस्बेस्टॉसिस आणखी वेगळा, तो कॅन्सर नव्हे. त्यात दोन्ही फुप्फुसं खालून कडक होत जातात, दम वर्षानुवर्षं वाढतो, काहींची बोटांची टोकं गोल फुगतात.

शंकासुर
मागे घेतो माझं वाक्य. एक मात्र सांगा, माझे सासरे तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करायचे, ड्रममधली पूड हवेच्या पाइपने फूं करून उडवायचे, ते यात येतात का? वर सिगरेट ओढतात. दोन्हीचा मिळून काही हिशोब असतो का?

दमाने_घ्या
येतात. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. सिगरेटचं असं आहे की मेसोथेलिओमाशी तिचा संबंध नाही, ओढा नाहीतर नका ओढू. पण फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ती आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकमेकांना जबरदस्त हात देतात, दोन्हींचा वेगवेगळा धोका मांडून बेरीज केली तर त्याहून जास्त येतो. आत गेलेले तंतू काही काढता येत नाहीत, सिगरेट सोडता येते. सासऱ्यांना या वाक्याने पटवता आलं तर बघा, मला माझ्या पेशंटांना फार वेळा पटवता आलेलं नाही.

पानगळ
माझ्या मामांचं सांगते कारण त्यांचं छातीत नव्हतंच. ते जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटर होते. रिटायर होऊन १४ वर्षं झालेली. पँट कमरेत घट्ट व्हायला लागली म्हणून मामी चिडवायच्या, पण हातपाय काटकुळे होत चाललेले आणि पोट तेवढं पुढे. भूक गेली, बद्धकोष्ठ, अधूनमधून पोटात मोघम दुखणं. वर्षभर अ‍ॅसिडिटी आणि पोट साफ होण्याच्या औषधांत गेलं. मग सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं तर यकृतावर संशय, मामांनी जन्मात दारू घेतली नाही तरी प्रत्येक जण तेच विचारायचा, त्याचा त्यांना फार मनस्ताप झाला. लॅप्रोस्कोपीने तुकडा काढला तेव्हा पेरिटोनियल, म्हणजे पोटाच्या आवरणाचा, मेसोथेलिओमा कळला.

केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त’ लिहिलेलं होतं हो. आम्हीच लिहिलं होतं. त्या एका शब्दाखाली ३१ वर्षांची इंजिनरूम दडून गेली.

जुना_लॅगर
पानगळताई, हे वाचून गप्प झालो. माझ्याही सगळ्या कागदांवर निवृत्तच आहे.

उंबरठा
आणि आईच्या कागदावर ‘गृहिणी’. आत्ता फाइल काढून बघितली.

टिंबटिंब
जरा विषय बदलतेय पण झोप उडालीये म्हणून विचारते. वडिलांच्या रिपोर्टमध्ये ‘प्लुरल प्लाक्स, कॅल्सिफाइड, दोन्ही बाजूंना’ असं आलंय. ते वेल्डर होते, लॅगिंगवाल्यांच्या शेजारी काम करायचे. त्यांना काहीही त्रास नाही, हर्नियाच्या ऑपरेशनआधी एक्स-रे काढला त्यात दिसलं. ही सुरुवात आहे का?

दमाने_घ्या
नाही. आधी झोपा. प्लाक म्हणजे आवरणावरचे जुने घट्टे, त्याने सहसा त्रास होत नाही आणि त्याचा पुढे कॅन्सर बनत नाही. तो फक्त सांगतो की या माणसाच्या श्वासात कधीकाळी अ‍ॅस्बेस्टॉस गेलंय. म्हणजे वडिलांचा धोका आहे तो अ‍ॅस्बेस्टॉसचा, प्लाकचा नाही. आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या बहुसंख्य लोकांना मेसोथेलिओमा होत नाही, हेही या धाग्यात कुणीतरी लिहायला हवं होतं.

पण तो रिपोर्ट कपाटात टाकू नका, पुढे कधी दम लागला तर पहिल्यांदा तो काढून दाखवा. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शिका यात मला सुटसुटीत वाटते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला खोकला, थकवा, दम, छातीत दुखणं, वजन उतरणं, भूक जाणं यातलं काही कारणाशिवाय होत असेल, तर एरवी दोन लक्षणं असली की दोन आठवड्यांत एक्स-रे, पण अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेला असेल तर एकच लक्षण पुरे. एक लक्षण!

निवांत_कट्टा
दरवर्षी सीटी काढून घेतला तर? पैसे गेले तर गेले, जीव तर वाचेल.

दमाने_घ्या
मेसोथेलिओमासाठी असं दरवर्षी स्कॅन केल्याने लोक जास्त जगतात हे कुणाला दाखवता आलेलं नाही. बऱ्याच वर्षांच्या पक्क्या धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी कमी डोसचा सीटी उपयोगी पडतो, ते प्रकरण निराळं, शंकासुर यांनी सासऱ्यांसाठी विचारून घ्यावं.

शंकासुर
नोंद केली. आणि पत्र्यांचं राहिलंच.

जुना_लॅगर
पत्रा धड आहे तोवर तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात. फोडायचा नाही, कापायचा नाही, ड्रिल मारायचं नाही, वर चढून ब्रशने खरवडायचा नाही. तुकडे पडलेच तर कोरडा झाडू मारू नका, ओलं करून उचला. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, आम्ही बांधायचो. फुटायला आला असेल तर माहितगार माणसाकडूनच उतरवा, एवढं माझ्याकडून.

खारूताई
पण एवढी वर्षं तो तंतू आत करतो तरी काय? १९९१ ला काम सुटलं आणि आत्ता आजार, हे डोक्यात बसत नाही.

दमाने_घ्या
तंतू सुईसारखा लांब आणि टणक. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला जातात पण तो त्यांच्यापेक्षा लांब, अर्धा आत अर्धा बाहेर. पेशी चिडून रसायनं सोडत राहते, मरते, दुसरी येते, तिचंही तेच. तिथे कायमची जळजळ चालू राहते आणि आजूबाजूच्या पेशींच्या जनुकांत चुका साठत जातात. त्यात साधारण २० ते ५० वर्षं जातात. म्हणूनच वाईट गोष्ट ही की आजार दिसतो तेव्हा कारखाना बंद झालेला असतो, सोबतचे पांगलेले असतात आणि माणूस स्वतःच ते काम विसरलेला असतो.

(अवांतर: स्टीव्ह मॅक्वीन हा नट १९८० साली यानेच गेला, तरुणपणी नौसैनिकांच्या तुकडीत असताना जहाजावरचं लॅगिंग काढल्याचं त्याला आठवत होतं. उलट बाजूचं उदाहरण म्हणजे जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड, १९८२ मध्ये पोटाचा मेसोथेलिओमा, तेव्हाच्या पुस्तकांत निम्मे रुग्ण आठ महिन्यांतच जातात असं दिलेलं, तो पुढे २० वर्षं जगला आणि गेला तो दुसऱ्याच कॅन्सरने. असं सगळ्यांचं होत नाही, पण होतंच नाही असंही नाही.)

उंबरठा
धागा वर काढतेय. मधे लिहायला जमलं नाही, व्यक्तिगत निरोप पाठवलेल्या सगळ्यांचे आभार.

बायॉप्सी आली. मेसोथेलिओमाच आहे, एपिथेलिऑइड प्रकारचा. डॉक्टर म्हणाले तीन प्रकारांत हा त्यातल्या त्यात बरा वागणारा. ऑपरेशन करणार नाहीत, इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी, दोन औषधं एकत्र देणार आहेत, पाण्यासाठी बारीक नळी बसवलीये, ती घरीच उघडून पाणी काढता येतं. पाणी काढलेल्या दिवशी आई एका दमात सगळ्या घरावर ओरडते, आम्हाला बरं वाटतं.

बाबांचं कठीण आहे. ते जेवत नाहीत, तिच्या खोलीत जात नाहीत, म्हणतात मी आणलं ते घरात. परवा आईनेच त्यांना बोलावून घेतलं आणि म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का तेव्हा? नाही ना? मग बसा इथे, आणि ती रिपोर्टची फाइल लावून द्या तारखेप्रमाणे. ते बसले.

जुना_लॅगर
ताई, वडिलांना सांगा, आमच्या शेडमधल्या कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं. वरच्यांना ठाऊक होतं, इंग्लंडमध्ये १९३० सालीच सरकारी पाहणीत या धुळीने फुप्फुसं जातात हे लिहून झालेलं होतं. आमच्यापर्यंत फक्त पोती आली.

आणि वडिलांचाही एक्स-रे काढून घ्या, ठणठणीत असले तरी.

उंबरठा
काढला कालच. दोन्ही बाजूंना प्लाक आहेत, बाकी साफ. टिंबटिंब यांना दिलेलं उत्तर आधीच वाचलेलं होतं म्हणून घाबरले नाही. या वेळी फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी ‘बॉयलर लॅगिंग, १९७९ ते १९९१, अ‍ॅस्बेस्टॉस’ असं लिहिलं, काउंटरवरची मुलगी म्हणाली एवढं मावत नाही, रिटायर्ड टाकू का? मी म्हटलं नको, मागच्या पानावर लिहा पण हेच लिहा.

पानगळ
आईच्या फॉर्मवर पण लिहिलंस का गं?

उंबरठा
हो. ‘गृहिणी, पतीचे कामाचे कपडे १२ वर्षे घरी धुतले.’